क्लच नवीन टाकला, तरी रिव्हर्स पडेना

जुलै महिना, चाळकेवाडीचं पठार, आणि धुकं असलं की पवनचक्क्यांचा नुसता घुम्म घुम्म आवाज येतोय पण चक्की एक दिसत नाही. ठोसेघरकडे उतरत होतो, आणि समोरून आली एसटी. रस्ता केवढा ते ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीये, दोघांपैकी एकाने मागं जायचं, आणि एसटी काय मागं जात नसते. मी क्लच दाबला, रिव्हर्स टाकायला गेलो, खर्रर्रर्र. परत दाबला, परत खर्रर्र. एसटीतली चारपाच माणसं खिडकीतून डोकं काढून बघायला लागली, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला नाही हे त्याचे उपकार. शेवटी गाडी बंद केली, बंद गाडीत रिव्हर्स टाकला, ट्रान्सफर केस लो रेंजला (फोर बाय फोरच्या हळू पण जास्त जोराच्या गियरला) घेतली आणि क्लच दाबून धरून सेल्फ मारला तर गाडी सेल्फवरच डुगडुग करत मागं सरकायला लागली आणि तशीच स्टार्ट झाली. म्हणजे क्लच दाबलेला आहे पण सुटलेला नाही, इंजिन आणि गियरबॉक्स अजून जोडलेलेच. एसटी गेली. मी मात्र तिथंच पाच मिनिटं बसून राहिलो कारण राग यायचं कारण वेगळं होतं, या गाडीचा क्लच मी सहा महिन्यांपूर्वीच नवीन टाकला होता.

गाडी म्हणजे नव्वदच्या दशकातली डिझेल जीप, फोर बाय फोर, तिच्या आयुष्यात ऊस, खत, शेणखत, लग्नाचं वऱ्हाड सगळं वाहून झालंय. कंपनीची यात काही चूक नाही, या वयात माणसाचे पण गुडघे वाजतात.

गेल्या जानेवारीत हीच तक्रार होती, गियर कुरकुरत पडायचे, सकाळी थंडीत जास्त. ज्या गॅरेजला नेली तिथं मिस्त्रीनं दोनदा पेडल दाबलं आणि सांगून टाकलं, "प्लेट गेली, गियरबॉक्स उतरावा लागंल." मी पण मान डोलावली. प्लेट (इंजिनाच्या फ्लायव्हीलला, म्हणजे फिरत्या जड चाकाला, चिकटून गियरबॉक्स फिरवणारी तबकडी), प्रेशर प्लेट (तिला दाबून धरणारी), बेअरिंग असा अख्खा सेट, मजुरी धरून अकरा हजार गेले. जुनी प्लेट मी मागून घेतली (ही सवय लावून घ्या, काढलेला पार्ट डिकीत टाकायला सांगायचा), घरी येऊन बघितली तर लायनिंगमधले (प्लेटवरच्या घासणाऱ्या थरातले) रिवेट अजून चांगले मिलिमीटरभर खोल होते. साधारण 0.3 मिमी खोली राहिली की प्लेट बदलायची असं धरतात. म्हणजे त्या प्लेटला अजून एकदोन वर्षं कुणी हात लावला नसता तरी चाललं असतं. पण तोवर गाडी बरी चालायला लागली होती म्हणून मी गप्प बसलो. बरी का चालायला लागली हे आता कळलंय, मिस्त्रीनं जोडताना स्लेव्हचा, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या खालच्या सिलिंडरचा, पुशरॉड चार आटे बाहेर काढून दिला होता. मूळ दुखणं तिथंच, वरून फक्त मलम.

तर ह्यावेळी ठरवलं की कुठंही न्यायची नाही, आधी घरी बघायचं, एक रविवार गेला तरी चालेल. दोन रविवार गेले.

पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे तक्रार नीट काय आहे ते ठरवलं, कारण "क्लचचा प्रॉब्लेम आहे" हे वाक्य "पोटात दुखतंय" सारखं आहे, त्यातून काही कळत नाही. क्लच सुटत नाही हे एक दुखणं, आणि क्लच धरत नाही हे बरोबर उलटं दुखणं. धरत नसेल तर चढाला थर्ड-फोर्थमध्ये ॲक्सिलेटर दिल्यावर इंजिन ओरडतं आणि गाडी तिथंच, आणि जळका वास येतो. कास पठार 2012 ला जागतिक वारसा यादीत गेलं, तेव्हापासून फुलांच्या सीझनला यवतेश्वरच्या घाटात रविवारी जी रांग लागते त्या रांगेत हाफ क्लचवर तासभर गाडी चढावर धरून बसणारे असतात ना, तो वास त्यांचा. तिथं प्लेट खरंच जाते. किंवा मग पेडलला फ्री प्लेच (जोर लागण्याआधीची मोकळी चाल) ठेवलेला नसतो, बेअरिंग कायम प्रेशर प्लेटच्या बोटांवर (मधल्या पट्ट्यांवर) दाबून बसलेलं असतं आणि प्लेट अर्धवट सुटलेली राहते.

माझं तसं नव्हतं. माझा क्लच धरत होता नीट, सुटत नव्हता. ह्याची टेस्ट सोपी आहे, सपाट जागेवर गाडी न्यूट्रलला चालू ठेवा, क्लच पूर्ण दाबा, मनात चार आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सच का, तर जुन्या गियरबॉक्समध्ये पुढच्या गियरना सिंक्रो (गियरचा वेग जुळवून घेणारी रिंग) असतो तो थोडंफार सांभाळून घेतो, रिव्हर्सला बहुतेक गाड्यांत तो नसतो, त्यामुळं रिव्हर्स खोटं बोलत नाही. चार आकडे मोजून पण खर्र झालं म्हणजे गियरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (प्लेट ज्याला फिरवते तो दांडा) अजून फिरतोय, म्हणजेच प्लेट सुटलेली नाही.

मग मॅट काढलं. हसू नका. बाजारातून आणलेलं जाड रबरी मॅट पेडलच्या खाली गोळा होतं आणि शेवटचा अर्धा-पाऊण इंच खाऊन टाकतं, आणि क्लच सुटतो तो बऱ्याचदा त्याच शेवटच्या इंचात. माझ्या गाडीत मॅटखाली एक स्पॅनर, भुईमुगाच्या शेंगा आणि एक रुपयाचं नाणं निघालं, पण दोष नाही निघाला.

आता माझ्या गाडीला हायड्रॉलिक क्लच आहे. पेडल वर मास्टर सिलिंडर दाबतं, त्यातून ऑइल पाइपने खाली स्लेव्हला जातं (काही जण अप्पर सिलिंडर, लोअर सिलिंडर म्हणतात), स्लेव्हचा रॉड बाहेर येऊन फोर्क ढकलतो, फोर्क बेअरिंगला, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना. जिप्सीवाल्यांना केबल असते, त्यांनी ऑइलचं सगळं सोडून द्यावं आणि केबलची तार आतून तुटत आलीय का, केबल कुठं अडकत घासत जातेय का ते बघावं, बाकी पत्र्याचं मी पुढं सांगणार आहे ते त्यांना पण लागू आहे.

मास्टरच्या ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं तर ऑइल काळं, कॉफीसारखं. काळं म्हणजे आतल्या रबराची झीज त्यात उतरलीय. वर हे ब्रेक ऑइल (क्लचला पण तेच असतं) हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आमच्याकडं पश्चिमेला पाऊस कसा पडतो ते काय सांगायचं. डॉट 3 ऑइल नवीन असताना 205 डिग्रीला उकळतं, पाणी मुरलं की 140 पर्यंत खाली येतं. क्लचमध्ये ब्रेकएवढी उष्णता नसते म्हणून उकळण्यापेक्षा गंज हा मोठा शत्रू, सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे पडतात आणि नवीन वॉशर किट टाकली तरी महिन्याभरात तिचं वाटोळं होतं. अजून एक, डबीत कमी दिसलं म्हणून कुणी इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल ओतू नका, ट्रॅक्टरजवळ डबा असतो म्हणून लोक ओततात, रबर फुगून बसतं आणि मग दोन्ही सिलिंडर गेले.

लीक बघायच्या जागा दोनच. एक पेडलवरच्या रॉडजवळ आतून हात फिरवायचा, बोट ओलं लागलं, खालचा रंग फुगून सोलला असेल तर मास्टर गेला. दुसरी स्लेव्हच्या तोंडावरचं रबरी बूट, ते बोटानं जरासं उचलायचं, आतून ऑइल ठिबकलं तर स्लेव्ह गेला. माझं दोन्हीकडं कोरडं.

मग एअर, म्हणजे ऑइलमध्ये अडकलेली हवा, काढली. भाच्याला बसवलं पेडलवर, अकरावीत आहे, मोबाईल बाजूला ठेवायच्या अटीवर शंभर रुपये. मी खाली स्लेव्हच्या निपलला (हवा सोडायच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलं. "दाब." "दाबलं." "धर." निपल अर्धा आटा सैल, बुडबुडे, निपल बंद. "सोड." एवढंच, पण निपल बंद व्हायच्या आधी वरच्यानं पाय सोडला की सगळी हवा परत आत, आणि भाच्यानं ते दोनदा केलं, दुसऱ्यांदा मी गाडीखालूनच त्याच्या शंभरातले वीस कापले. डबी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही हे पण लक्षात ठेवा. काळं जाऊन स्वच्छ ऑइल यायला लागलं, बुडबुडे बंद झाले. पेडल थोडं कडक लागलं. रिव्हर्स टाकला. खर्रर्र.

इथं मी एक काम केलं जे मला आधी सुचायला पाहिजे होतं. स्टीलची सहा इंची पट्टी घेऊन खाली झोपलो आणि पेडल पूर्ण दाबल्यावर स्लेव्हचा रॉड किती बाहेर येतो ते मोजलं. 11 मिलिमीटर. आता 11 म्हणजे कमी की जास्त? मेढ्याच्या एका मित्राकडं सेम गाडी आहे, त्याला फोन करून झोपवला त्याच्या गाडीखाली, त्याचा भरला 15. आणि त्याचा रिव्हर्स गुपचूप पडतो.

ह्या एका मापानं अर्धी लढाई संपते. रॉड पूर्ण बाहेर येतोय आणि तरी क्लच सुटत नाही, तर दोष बेल हाऊसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) आत, तिथं गियरबॉक्स उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. फोर्क वाकला असेल, त्याचा टेकू झिजला असेल, प्लेट वाकडी झाली असेल, इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर (खाचांवर) प्लेट अडकत असेल, फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग जाम झालं असेल. किंवा ओढ्यातून गाडी घालून तशीच आठ-पंधरा दिवस उभी केली असेल तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, पावसाळ्यात आमच्याकडं हे फार. चिकटलेली असेल तर उतरवायच्या आधी एकदा मोकळ्या रानात इंजिन गरम करून, बंद करून, लो रेंज फर्स्ट टाकून क्लच दाबून ठेवून सेल्फ मारायचा आणि ब्रेक-ॲक्सिलेटरचे हिसके द्यायचे, पुष्कळदा ठप्प करून सुटते. पुढं माणूस, भिंत, म्हैस काही नको. पण रॉडच कमी बाहेर येत असेल तर गियरबॉक्सला हात लावायचं कारणच नाही, दोष पाय आणि स्लेव्ह यांच्यामध्ये कुठंतरी आहे. जानेवारीत कुणी ही पट्टी लावली असती तर माझे अकरा हजार वाचले असते. कुणी म्हणजे मी पण आलो त्यात.

म्हणजे चार मिलिमीटर कुठंतरी गायब होत होते. मास्टर आतल्या आत ऑइल मागं सोडतोय का बघायला भाच्याला एक मिनिट पेडल हलकं दाबून धरायला लावलं. मास्टरचा आतला वॉशर गेला असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही पण पेडल पायाखाली हळूहळू बुडत जातं. सिग्नलला गियरमध्ये क्लच दाबून उभं असताना गाडी आपोआप पुढं सरकायला लागली तर ते हेच. माझं नव्हतं बुडत. भाचा बुडत होता कंटाळ्यानं. दोन सिलिंडरच्या मधली रबरी होज दाबताना फुगते का ते पण हाताच्या मुठीत धरून बघितलं, नाही.

पेडल आणि मास्टरचा रॉड जोडणारी पिन काढली. ती बघण्यासारखी होती, मध्ये झिजून डमरूसारखी कंबर पडलेली, आणि पेडलचं भोक गोल राहिलं नव्हतं, लांबट अंड्यासारखं झालेलं. नवीन पिन आणली, भोक बुश घालून भरून घेतलं, सगळं मिळून दोनशेच्या आत. परत पट्टी लावली. 12. एक मिलिमीटर सापडला. तीन बाकी.

दुसऱ्या रविवारी मी वैतागून दोन्ही सिलिंडर नवीनच आणायच्या विचारात होतो. तेवढ्यात शेजारचे काका आले, एसटीच्या वर्कशॉपमधनं रिटायर झालेत, सकाळी फिरून येताना कुणाच्या गाडीचं बॉनेट उघडं दिसलं की त्यांना पुढं जाताच येत नाही. मी सगळं सांगितलं, मापासकट. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ऑइल कुटं जात न्हाई, हवा न्हाई, मग सिलिंडर का बदलतूस? सिलिंडर ज्येच्यावर बसलाय ते बग की." भाच्याला म्हणाले, "दाब रं जोरात."

भाच्यानं दाबलं आणि मास्टर सिलिंडरनं मान हलवली. अक्षरशः. दारात नंदीबैल येतो आणि गुबुगुबु वाजलं की मान हलवतो तशी, पेडल दाबलं की अख्खा सिलिंडर पुढं, सोडलं की मागं. मी इतके दिवस पेडलजवळ आत बघितलं, गाडीखाली झोपून बघितलं, पण कुणीतरी दाबत असताना बॉनेट उघडून वर बघितलंच नव्हतं. दरवेळी एअर काढताना मी खाली असायचो आणि भाचा आत, वर बघायला तिसरा माणूस नव्हताच.

सिलिंडर ज्या पत्र्यावर बोल्टनं बसलेला असतो, इंजिन आणि केबिनच्या मधला, त्या पत्र्यावर वर्षानुवर्षं पायाचा जोर येत असतो. तारेच्या ब्रशनं रंग खरवडला तर खालच्या बोल्टच्या भोकापासून वर दोन बोटं लांब चीर, गंजानं लालसर झालेली, कुणीतरी कधीकाळी तिच्यावरून रंग मारून तिला झाकलेली. काका म्हणाले ह्या जुन्या गाड्यांत ही चीर नाहीतर पेडलच्या ब्रॅकेटचं वेल्डिंग सुटणं, दोन्हीतलं एक ठरलेलं.

आता ह्याचा हिशोब करा म्हणजे का दुखतं ते कळेल. माझ्या पेडलचा रेशो साधारण सहाला एक पडतो, म्हणजे पाय सहा इंच खाली गेला तर मास्टरचा रॉड एक इंच आत जातो. पत्रा चार मिलिमीटर पुढं झुकत होता. चार गुणिले सहा, चोवीस मिलिमीटर. म्हणजे पायाखालचा जवळजवळ एक इंच नुसता पत्रा वाकवण्यात जात होता, ऑइलला त्यातलं काहीच मिळत नव्हतं. आणि नवीन प्रेशर प्लेट टाकल्यावर तिची स्प्रिंग जुनीपेक्षा कडक, म्हणजे पायाचा जोर जास्त, म्हणजे पत्रा जास्त वाकणार. अकरा हजार खर्चून मी चीर वाढवून घेतली होती.

दुरुस्ती वेल्डिंगवाल्याकडं झाली. मास्टर काढला, सांडलेलं ऑइल पाण्यानं धुतलं (ते रंग खातं, आणि पेटतंही), बॅटरीच्या तारा सोडल्या, मागची वायरिंग बाजूला बांधून ओलं पोतं लावलं. चिरेच्या वरच्या टोकाला तीन मिलिमीटरचं भोक मारलं म्हणजे ती आणखी वर पळत नाही, चीर सीओटू वेल्डिंगनं भरली आणि दोन्ही बाजूंनी तीन मिलिमीटरची पट्टी बसवून तेच बोल्ट त्यातून आरपार घेतले. वेल्डिंगवाला पट्टी एका बाजूनंच लावू म्हणत होता, मी नको म्हणालो. पातळ पत्र्यावर एका बाजूनं जाड पट्टी लावली तर पुढच्या खेपेला पट्टीच्या कडेला चीर जाते, हे पण काकांचंच. साडेसहाशे रुपये.

परत एअर काढली, परत मोजपट्टी लावली, 15. जानेवारीत बाहेर काढलेले रॉडचे चार आटे परत आत घेतले, कारण आता तेवढी गरज नव्हती आणि तसंच ठेवलं असतं तर बेअरिंग कायम टेकून राहिलं असतं. फोर्कला हातानं हलवून दोनेक मिलिमीटरचा फ्री प्ले ठेवला. रिव्हर्स टाकला. भाचा म्हणाला, "पडला का?" आवाजच आला नाही म्हणून त्याला कळलंच नाही.

एक राहिलं, आवाजाचं बरेच जण विचारतात. पेडलवर पाय ठेवला की किर्र सुरू होतं ते रिलीज बेअरिंग. पाय काढल्यावर न्यूट्रलला घरघर आणि पाय ठेवल्यावर बंद, तर ते गियरबॉक्सच्या इनपुटचं बेअरिंग, क्लचला शिव्या देऊ नका. आणि पेडल दिवसेंदिवस जड होत चाललं असेल तर पायाला दोष देऊन जोर लावत बसू नका, फोर्कचा टेकू कोरडा पडलाय का, बोटं झिजलीत का ते बघा, कारण तो जास्तीचा जोर शेवटी त्याच पत्र्यावर जातो.

तेव्हापासून मी दर सर्व्हिसिंगला कुणालातरी पेडल दाबायला लावून एक बोट सिलिंडरवर आणि एक पत्र्यावर ठेवून बघतो. डोळ्याला एक मिलिमीटर दिसत नाही, बोटाला कळतो.

काकांना काही द्यावं तर पैसे घेणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून अर्धा किलो कंदी पेढे घेऊन गेलो. काकूंनी डबा दारातच माझ्या हातातून काढून घेतला, काकांना शुगर आहे म्हणून त्यांच्या हातावर एकच ठेवला, आणि डबा आत गेला. काका पेढा तोंडात टाकून हळूच म्हणाले, "त्या मेढ्यावाल्याचा पण पत्रा बगून ये एकदा, आन येताना परत असंच कायतरी आण, हिला न सांगता."